रात्री इथे कोण असतं?

कर्वेनगरला आपल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात एक झोपडी जपून ठेवलेली आहे. चहूबाजूंनी इमारती उठल्या, तासांच्या घंटा वाजतात, वसतिगृहांच्या गच्च्यांवर ओढण्या वाळत असतात, आणि मधे ही झोपडी. पाहुणे आले की आपण त्यांना आधी तिथे नेतो. बहुतेक जण चपला काढतात, हात जोडतात, फोटो घेतात आणि पुढे चालू लागतात. स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायला बसले तेव्हा मला त्या झोपडीकडे देव्हारा म्हणून पाहावेसे वाटले नाही. ती घर होती. १९०० साली इथे राहायला आलेल्या विधवा मुलींना ती घर म्हणूनच मिळाली होती. भोवती उघडा माळ, खाली मुठेचे पात्र, शेजारी हिंगणे बुद्रुक हे लहानसे गाव, आणि पुणे शहर चार मैल लांब.

अशा जागी आपली तरुण मुलगी, तीही विधवा झालेली, कोणी कशी पाठवावी? पाठवणाऱ्याच्या मनात अभ्यासक्रमाचा प्रश्न नंतर आला असेल. आधी एवढेच आले असेल की रात्री तिथे कोण असते. वसतिगृहाचे काम मी पुष्कळ वर्षे केले आणि हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला, की संस्थेचा सारा इतिहास मला त्याच्या उत्तरांचा इतिहास वाटतो.

पहिले उत्तर होते धोंडो केशव कर्वे. संस्थेत त्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे तास संपले की अण्णा हिंगण्याची वाट धरत. आज त्या बाजूला कर्वे रस्ता आहे, उड्डाणपूल आहे, आता मेट्रोही धावते. तेव्हा पावसाळ्यात तिथे घोट्यापर्यंत चिखल असे. विधवांच्या या आश्रमाला लागणारे सामानसुमान घेऊन संध्याकाळी पोहोचायचे, मुलींना शिकवायचे, रात्री तिथेच राहायचे आणि सकाळी परत चालत कॉलेजात हजर व्हायचे. घरी स्वतःचे मूल आजारी असतानाही त्यांनी हा नेम मोडला नाही. या गोष्टीचे आपण नेहमी कौतुक करतो. पण ज्या घरातले मूल आजारी होते, त्या घरात मागे कोण होते, तेही या इतिहासात यायला हवे. ते पुढे सांगते.

पायी चालणे अण्णांना नवे नव्हते. १८ एप्रिल १८५८चा त्यांचा जन्म, दापोली तालुक्यातल्या मुरूड गावी लहानपण. सहावीची सरकारी परीक्षा द्यायची तर तेव्हा साताऱ्याला जावे लागे. सतरा वर्षांचा हा मुलगा सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून चार दिवसांत शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला पोहोचला, आणि तिथल्या परीक्षा समितीने तो वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठवले. चालत आलेला माणूस दारातून परत पाठवला जातो तेव्हा काय होते, हे ज्याने सतराव्या वर्षी सोसले, त्याने पुढे आपल्या दारातून कोणाला सहजी परत पाठवले नाही. हा संबंध मी जोडते आहे. अण्णा स्वतः असे काही बोलले असते असे वाटत नाही, ते फार कमी बोलत.

१८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. १८९१ मध्ये पत्नी राधाबाई गेल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्ये आले. पस्तिशीच्या आतल्या विधुराला त्या काळी दहाबारा वर्षांची कुमारिका सहज मिळत असे. अण्णांनी ठरवले की लग्न करायचे तर विधवेशीच, नाही तर नाही.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई. अण्णांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची ही बहीण. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात अण्णांचा आणि गोदूबाईंचा विवाह झाला. त्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या बाया. आपल्या संस्थेची मुळे पुण्यात शोधली जातात, मुरूडला शोधली जातात, पण एक मूळ शारदासदनात आहे हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. बाया तिथे शिकल्या नसत्या तर हा विवाह घडला नसता. आणि विधवा मुलगी घराबाहेर राहून शिकू शकते, हे उभ्या महाराष्ट्राला आधी रमाबाईंनी दाखवले होते. तिथल्या मुलींच्या धर्मांतरावरून उठलेल्या वादानंतर हिंदू पालकांनी शारदासदनातून मुली काढून घेतल्या. त्या मुली शिकणार कुठे, ही निकड आपल्या आश्रमाच्या जन्मामागे होती.

विवाहानंतर मुरूडने कर्व्यांना वाळीत टाकले. आईला, भावाला आपल्या दारात मुलगा-सून उतरवता येईना. गावातल्या माणसांकडून मिळकतीच्या प्रमाणात वर्गणी घेऊन ज्या माणसाने मुरूड फंड उभा केला, त्याच गावाने हे केले. अण्णांनी गावाला शिव्याशाप दिले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस वर्ध्याला विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली. पण काम करताना त्यांना दिसू लागले, की पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या आणि घरोघरच्या माजघरात बसलेल्या विधवा हजारो. या हजारोंना आधी स्वतःच्या पायावर उभे करायला हवे. १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष रामकृष्ण गोपाळ भांडारकर, चिटणीस अण्णा. स्वतःच्या शिलकीतले एक हजार रुपये त्यांनी पहिल्यांदा घातले. आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेला दिली.

नावाकडे जरा पाहावे. ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यातल्या कितीतरी जणींचे आईवडील, दीर, सासरे हयात होते. तरी नाव अनाथ बालिका. ‘विधवा’ हा शब्द नावात नाही. कोणाची तरी असूनही कोणाचीच नसलेली मुलगी, असा त्या ‘अनाथ’चा अर्थ मला नेहमी जाणवतो.

आश्रम प्रथम शहरात भरला. पण पुण्यात प्लेग पुन्हापुन्हा येत होता, आणि गावात विधवांच्या आश्रमाला नावे ठेवणारेही पुष्कळ होते. रावबहादूर गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले, आणि १९०० मध्ये बिऱ्हाड माळावर आले.

आता बायांकडे येते.

आश्रमात मुली पाठवणारे पालक पुनर्विवाहाच्या नावाने दचकत. मुलीला शिकवायला पाठवावे आणि हे लोक तिचे लग्न लावून टाकतील, ही भीती. म्हणून अण्णांनी भूमिका घेतली, की आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचे होते. त्यावाचून मुली आल्या नसत्या. पण त्याची किंमत एका बाईने मोजली. बाया स्वतः पुनर्विवाहित. त्यांचा आश्रमात वावर दिसला तर पालक बिथरतील, म्हणून त्यांना आश्रमापासून दूर ठेवण्यात आले. विधवांसाठी नवऱ्याने संस्था काढावी, आपली मिळकत, आपला विमा, आपल्या संध्याकाळी तिला द्याव्यात, घरातले दुखणेखुपणे, मुलांची शिक्षणे, येणारेजाणारे आपण एकटीने ओढावे, आणि त्याच संस्थेच्या उंबऱ्यात आपल्याला जागा नसावी. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात बायांनी ही सल लपवलेली नाही. पैशाची चणचण, विम्यावरून झालेला वाद, लोकांनी दिलेली वागणूक, सारे त्यांनी सरळ कोकणी रोखठोकपणे सांगितले आहे. वसंत कानेटकरांना ‘हिमालयाची सावली’ हे नाटक या संसारात दिसले यात नवल नाही.

संस्थेच्या इतिहासात बायांचे नाव बरेचदा ‘अण्णांच्या सहधर्मचारिणी’ एवढ्यावर आटोपते. मला ते पटत नाही. रात्री हिंगण्याला अण्णा असत, कारण रात्री घरी बाया असत. आज समाजकार्य करणाऱ्या स्त्रीला संस्था बाया कर्वे पुरस्कार देते. तो देताना मानपत्रात काय लिहायचे यावर आम्ही खल करतो. त्या मानपत्रांच्या आधी एक मानपत्र बायांचे राहून गेले आहे, असे मला दर वेळी वाटते.

दुसरे उत्तर बायांच्याच घरातून आले. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मुलगा, केशवपन झालेले, अंगावर आलवण. अक्षरओळख नीटशी नाही. बहिणीकडे पुण्याला येऊन सव्विसाव्या वर्षी त्यांनी पाटी हातात घेतली. सव्विसावे वर्ष म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने बाई निम्मे आयुष्य जगून झालेली. शिकल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या. मुलींचे जेवणखाण, आजारपण, रुसवेफुगवे, स्वयंपाकाच्या पाळ्या, कोठीच्या किल्ल्या, सारे पार्वतीबाईंच्या हाती आले. आता रात्री आश्रमात मुलींजवळ एक बाई होती, आणि ती त्यांच्यासारखीच होती. मुलींच्या दृष्टीने हा फार मोठा फरक होता. अण्णांना मुली देव मानत असतील, पण देवाला पोटदुखी सांगता येत नाही. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर यांनीही या काळात असाच भार उचलला. आश्रमात शिकायला आलेल्या मुलीच आश्रम चालवू लागल्या. आजच्या भाषेत ‘लाभार्थी’ म्हणतात ना, तसा वर्ग आपल्याकडे फार दिवस टिकलाच नाही.

पार्वतीबाईंनी आणखी एक काम केले, ते म्हणजे पैसे मागणे. झोळी घेऊन त्या गावोगाव फिरल्या. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नसलेली बाई, डोक्यावरून आलवण घेतलेली, आणि समोर शेकडो पुरुष. त्या विधवेने विधवांसाठी बोलावे हेच लोकांना नवे होते. लोक आधी कुतूहलाने ऐकत, मग खिशात हात घालत. पुनर्विवाहाबद्दल त्यांची मते जुन्या वळणाची होती, पण केशवपनाबद्दल त्यांचे मन पालटत गेले आणि वयाच्या चाळिशीनंतर त्यांनी ते सोडून केस राखले. ज्यांना हा निर्णय आज लहान वाटत असेल, त्यांनी त्या काळच्या नातेवाइकांच्या पंगतीची कल्पना करून पाहावी.

१९१८ मध्ये पार्वतीबाई अमेरिकेला गेल्या. वय पन्नाशीकडे झुकलेले, इंग्रजी बेताचे, सोबत कोणी नाही. इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी निधी जमवावा एवढा हेतू. पोट भरण्यासाठी तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले. परक्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, शाकाहार सांभाळायचा, शब्द अडला की हातवाऱ्यांनी भागवायचे, आणि संधी मिळेल तिथे हिंगण्याबद्दल बोलायचे. दोन वर्षे त्यांनी अशी काढली. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या पुस्तकात हे सगळे आले आहे. आपल्या वसतिगृहातल्या मुली आता शिष्यवृत्ती घेऊन परदेशी जातात. निरोप द्यायला जमलो की मी त्यांना पार्वतीबाईंच्या या प्रवासाबद्दल सांगते. त्या ऐकतात, आणि हटकून एखादी विचारते, ‘बाई, त्यांच्याकडे फोन पण नव्हता ना?’ नव्हता.

मधली वर्षे भराभर सांगते. फक्त विधवांसाठी संस्था पुरेशी नाही, मुली विधवा होण्याची वाट कशाला पाहायची, अविवाहित मुलींनाही शिकवले पाहिजे, म्हणून १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले आणि काही वर्षांत तेही हिंगण्याला आले. १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ स्थापन झाला. तनमनधन संस्थेला देण्याची शपथ घेणाऱ्या कार्यकर्त्यांचा हा मठ. पुढे तो मूळ संस्थेत मिसळून गेला, पण आजीव सेवकांची परंपरा तिथून रुजली.

विद्यापीठाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी, कारण ते आपल्या अंगणात जन्मले. बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी अण्णांकडे एक पुस्तिका पाठवली होती, जपानमधल्या महिला विद्यापीठाची. अण्णांनी ती आधी बाजूला ठेवली होती. १९१५ मध्ये मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, भाषणाची तयारी करताना पुस्तिका पुन्हा हाती लागली, आणि भाषणात त्यांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये हिंगण्याच्या माळावर विद्यापीठ सुरूही झाले. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू, विद्यार्थिनी मूठभर. शिकवण्याचे माध्यम मातृभाषा, हा त्याचा आग्रह. पुण्यामुंबईच्या शहाण्या माणसांनी या विद्यापीठाला नावे ठेवली, पदवीला किंमत काय म्हणून विचारले. त्याच वाटेने शिकलेल्या कमलाबाई देशपांडे या न. चिं. केळकरांच्या कन्येने पुढे प्रागला जाऊन डॉक्टरेट मिळवली. लहान वयात त्यांनाही वैधव्य आले होते.

१९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईला गेले. आज एस. एन. डी. टी. म्हणून देशभर ओळखले जाणारे विद्यापीठ ते हेच. हिंगण्याहून ते गेले तेव्हा इथल्या माणसांना कसे वाटले असेल? लेक सासरी गेल्यावर घर जसे होते, तसेच काहीसे झाले असेल. अभिमान होता, आणि अंगण रिकामे झाले होते. देणगीदार, नियतकालिके, नामवंत पाहुणे मुंबईच्या वाटेला लागले. हिंगण्याला उरले ते पहिलेच काम, गावाकडून आलेल्या मुलीला राहायला जागा द्यायची आणि शिकवायचे. मला वाटते यामुळेच संस्था तगली. तिच्याकडे रोज करायला काहीतरी होते.

एक गोष्ट लपवू नये. आपला आश्रम सुरुवातीला प्रामुख्याने ब्राह्मण घरांतल्या मुलींचा होता. केशवपन, आलवण, माजघरातली कैद हे त्या घरांतले दुःख होते हे खरे. पण दुःख तेवढ्याच घरांत नव्हते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जे दार उघडले, ते सर्वांसाठी होते. विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांनी आपल्या घरात जागा केली, तीही आपल्या आश्रमाच्या कितीतरी आधी. त्यांच्या वाटेवर चार पावले आपणही चाललो, पण आपली पंगत बरीच वर्षे आखूड राहिली. अण्णांनाही हे कळत गेले असावे. वयाच्या ऐंशीच्या आसपास, १९३६ मध्ये, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, आणि १९४४ मध्ये समता संघ. शहाऐंशीव्या वर्षी माणूस नवी संस्था काढतो तेव्हा त्याला काहीतरी राहून गेल्याची टोचणी असते. आज आपल्या वसतिगृहात एका खोलीत चार मुली राहतात, चार जिल्ह्यांतल्या आणि चार जातींच्या, आणि एकीच्या डब्यातला ठेचा चौघींचा असतो. हे आपोआप झालेले नाही, आणि पूर्ण झाले असेही मी म्हणणार नाही.

भाऊबिजेबद्दल लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

संस्थेकडे मोठे देणगीदार थोडे होते, म्हणून संस्थेने भाऊबिजेला भावाकडे ओवाळणी मागायला सुरुवात केली. समाज हा भाऊ आणि आश्रमातल्या मुली या बहिणी. दिवाळीच्या दिवसांत कार्यकर्ते आणि कार्यकर्त्या पावतीपुस्तके घेऊन घरोघरी जात. मी शाळेत असताना आमच्या बाईंबरोबर पहिल्यांदा गेले. हातात पुठ्ठ्याच्या पाठीचे पावतीपुस्तक, दोन पावत्यांच्या मधे घालायचा निळा कार्बन, आणि तो सरकू नये म्हणून लावलेली टाचणी. बाईंनी तीन गोष्टी शिकवल्या होत्या. दार उघडल्यावर आधी नमस्कार करायचा. रक्कम अंकात आणि अक्षरात, दोन्ही लिहायची. कोणी आठ आणे दिले तरी पावती फाडायचीच. एका घरी आजी होत्या. त्यांनी आत जाऊन डबा उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ नाणी मोजल्याचा आवाज आला, आणि त्या मूठ मिटून बाहेर आल्या. पावतीवर काय नाव घालू म्हणून मी विचारले तर म्हणाल्या, ‘नाव कशाला, हिंगण्याची मुलगी म्हणून घाल.’ बाईंनी वाकून नमस्कार केला. मीही केला. पावती ‘एक माजी विद्यार्थिनी’ या नावाने फाडली. माझ्या अक्षरातली ती स्थळप्रत कार्यालयात कुठल्या तरी गठ्ठ्यात असेल.

मागणे हे काम लाजिरवाणे नाही, हिशेब न देणे लाजिरवाणे आहे, हे मी त्या पावतीपुस्तकावर शिकले. अण्णांनी आयुष्यभर मागितले. एकाहत्तराव्या वर्षी ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले, बर्लिनला आइन्स्टाइनना भेटून आले, पुढे आफ्रिकेतल्या हिंदी वस्त्यांमधून फिरले. सगळीकडे विषय एकच, मुलींचे शिक्षण, आणि शेवटी देणगीची विनंती. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, त्यांच्या हयातीतच त्यांचे टपाल तिकीट निघाले, मुंबईत शंभरीच्या सोहळ्याला पंडित नेहरू आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा गेले. १०४ वर्षांचे आयुष्य. संस्थेच्या जुन्या मंडळींकडून आम्ही ऐकलेले अण्णा मात्र मानसन्मानांचे नव्हते. त्यांच्या बोलण्यात अण्णा म्हणजे हळू आवाजात कामाचे विचारणारे, आणि दिलेली वेळ चुकवणाऱ्याकडे नुसते पाहणारे.

संस्थेच्या बाकीच्या वाटचालीचा तपशील वार्षिक अहवालांत आहे, इथे तो पुन्हा देत नाही. अनाथ बालिकाश्रम मंडळीचे नाव आधी हिंगणे स्त्री शिक्षण संस्था आणि मग महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था झाले. हिंगणे बुद्रुकचे कर्वेनगर झाले. सातारा, वाई इथे कन्याशाळा उभ्या राहिल्या. १९९१ मध्ये केवळ मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘मुलींना वेगळे इंजिनिअरिंग कॉलेज कशाला’ असे विचारणारे होते. लातूर, धाराशिव, जळगाव भागातून आलेले वडील मात्र तसे विचारत नव्हते. ‘मुलींचंच कॉलेज आहे, आवारातच होस्टेल आहे’ एवढ्या दोन वाक्यांवर कितीतरी मुलींचा बारावीनंतरचा प्रश्न सुटला. नाही तर त्या इंजिनिअर झाल्या नसत्या, त्यांचे लग्न झाले असते. १९९४ मध्ये वास्तुकला महाविद्यालय आले. शेकड्यांनी मुली तिथून आराखडे काढायला शिकून बाहेर पडल्या. विधवांसाठी एक झोपडी बांधता बांधता आपण घरे बांधणाऱ्या मुली घडवू लागलो.

विधवा विद्यार्थिनी आता क्वचित येतात, हे चांगलेच आहे. पण मुली वेगळी ओझी घेऊन येतात. घरी दोन बहिणी आणि दोनच एकर कोरडवाहू. वडिलांनी कर्ज काढून भरलेली फी. ठरलेले लग्न मोडून शिकायला आलेली एखादी. नवऱ्याचे घर सोडून आलेली एखादी, तिच्या अर्जात ‘पालकाचे नाव’ या रकान्यात खाडाखोड असते. त्या रकान्यात आईचे नाव चालते का, असे दबक्या आवाजात विचारतात. चालते, म्हटले की पेन घट्ट धरून मोठ्या अक्षरात लिहितात. पहिल्या महिन्यात रडतात सगळ्याच. रात्री साडेदहाला दिवे मालवले की वरच्या मजल्यावरून हुंदके ऐकू येतात. अशा वेळी जिना चढून वर जायचे, काही विचारायचे नाही, पलंगाच्या कडेला बसायचे. हे मला माझ्या आधीच्या रेक्टरबाईंनी शिकवले, त्यांना त्यांच्या आधीच्या बाईंनी. मागे मागे जात राहिले तर ही साखळी पार्वतीबाईंपर्यंत पोहोचते, असे मी मनाशी धरून चालले आहे.

दर जूनमध्ये, आता प्रवेश लांबतात म्हणून कधी ऑगस्टातही, वसतिगृहाच्या व्हरांड्यात गर्दी होते. पूर्वी लोखंडी ट्रंका असत, आता चाकांच्या बॅगा आणि जाड प्लास्टिकची बादली. बादलीत तांब्या, साबण, दोऱ्या, आईने कोंबलेला लाडवांचा डबा. मुलगी खोली पाहायला पळते. वडील फॉर्मवर सह्या करतात, वायरिंग, नळ, कुलुपे तपासून पाहतात. आई बाकावर बसून असते. सगळे आटोपले की ती उठते, माझ्या टेबलाजवळ येते, मुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारते.

‘बाई, रात्री इथे कोण असतं?’

‘मी असते,’ मी म्हणते. ‘ही शेजारचीच खोली माझी. या, दाखवते.’